शोभणं आणि मावणं

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की नातेवाइकांना माझी आठवण येते. फराळासाठी नव्हे, जळमटं काढण्यासाठी. माझी उंची सहा फूट तीन इंच आहे आणि आमच्या अख्ख्या खानदानात मिळून एकही शिडी नाही, यावरून काय ते समजा. माळ्यावरचा पितळी डबा, ट्यूबलाइटचा स्टार्टर, भिंतीवरच्या घड्याळातला सेल ही माझी खाती. त्या बदल्यात आयुष्यानं मला काय दिलं, तर वाड्याच्या दिंडीदरवाज्याची टेंगळं, एसटीच्या पुढच्या सीटवर घासून गुळगुळीत झालेले गुडघे आणि दुचाकीचा प्रश्न.

हा दुचाकीचा प्रश्न बेताच्या उंचीच्या माणसाला समजावणं अवघड आहे. शोरूममध्ये गेलेला चारचौघांसारखा माणूस दोनच गोष्टी विचारतो. अ‍ॅव्हरेज किती देते आणि पाय टेकतात का. माझे पाय टेकतात. टेकून वर उरतात. त्या उरलेल्या पायांचं काय करायचं, हा माझा प्रश्न. तो ऐकून घ्यायला शोरूममधल्या कुणालाही सवड नसते.

सुरुवात वडिलांच्या मोपेडपासून झाली. पन्नास सीसी, पायडल मारून सुरू व्हायची. वडील पाच फूट चार इंच, त्यामुळे ते आणि मोपेड यांचा संसार सुखाचा होता. मी बसलो की माझे गुडघे हँडलच्या दोन्ही अंगांना वर यायचे. उजवीकडे वळायचं तर आधी उजवा गुडघा बाहेर काढायचा आणि मग हँडल फिरवायचं. मागून येणाऱ्याला वाटे, हा पोरगा पायानं सिग्नल देतो आहे. गल्लीतल्या मुलांनी माझं नाव टोळ ठेवलं. मला राग यायचा, पण आरशात बघितल्यावर उपमा चुकलेली नाही हेही कळायचं.

शेजारच्या काकांकडे बॉबी राजदूत होती. १९७३ च्या 'बॉबी'त ऋषी कपूरनं चालवली तीच, छोट्या चाकांची. काकांनी ती जपून ठेवली होती आणि रविवारी पुसायचे. एकदा मोठ्या मनानं म्हणाले, "बस रे, एक चक्कर मारून ये." मी बसलो. काकांनी एक पाऊल मागे जाऊन पाहिलं, मग आणखी एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "उतर बाबा. तुझ्याखाली गाडी दिसत नाही."

नोकरी लागल्यावर शंभर सीसीची गाडी घेतली. त्या काळी सगळा महाराष्ट्र शंभर सीसीवर बसून कामाला जात होता, त्यात मीही गेलो. गाडीत खोट नव्हती, खोट माझ्या बारा नंबरच्या बुटात होती. या गाड्यांना गिअरची पट्टी पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे असते. पुढची चवड्यानं दाबायची, मागची टाचेनं. माझं पाऊल या दोन पट्ट्यांच्या मध्ये मावायचंच नाही. चवडा वरचा गिअर मागायचा, टाच खालचा. दोन वरिष्ठांनी एकाच वेळी दोन आदेश दिल्यावर कारकुनाचं होतं तसं गाडीचं व्हायचं. मेस्त्रीनं आठवडाभर बघितलं, मग एका संध्याकाळी करवत काढली आणि मागची पट्टी कापून टाकली. "लेडीजचं सँडल असतं तर गोष्ट वेगळी," एवढंच म्हणाला.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र करवतीनं सुटण्यातला नव्हता. पाय सुकले की लेग गार्डवर टाकायचे, लेग गार्ड नडगीला लागला की परत फूटरेस्टवर घ्यायचे, असं करत मी वीस वर्षं काढली. या काळात मला कळलं की गाडीवर बसणं हा तीन बिंदूंचा मामला आहे: सीट, फूटरेस्ट आणि हँडल. या त्रिकोणात तुमचं शरीर घडी घालून ठेवायचं असतं. कंपनीच्या माहितीपत्रकात जमिनीपासून सीट किती उंच, ते मिलिमीटरमध्ये छापतात. सीटपासून फूटरेस्ट किती खाली, हे छापलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पहिला आकडा बुटक्यांसाठी आहे. दुसरा आमच्यासाठी असायला हवा होता, पण आमची संख्या कमी पडते.

दुसरी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी चूक केली. घरात बोलून दाखवलं. आमच्याकडे गाडी घ्यायची म्हटली की उंटावरच्या शहाण्यांची रीघ लागते. गोष्टीतल्या शहाण्याला निदान स्वतःचा उंट तरी होता. आमचे मामा आयुष्यभर रिक्षानं फिरले, पण पहिलं मत त्यांचंच. "तुला बुलेटच शोभेल."

हे वाक्य मी त्या महिन्यात अकरा जणांकडून ऐकलं. दुधवाल्याकडून, ऑफिसातल्या साहेबांकडून, दाढी करता करता न्हाव्याकडूनसुद्धा. उंच माणूस आणि बुलेट ही जोडी मराठी मनात लक्ष्मी-नारायणासारखी ठरूनच गेलेली आहे. मी आपला कागद घेऊन बसलो. आताच्या क्लासिक ३५० ची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर. स्प्लेंडरची ७८५. फरक वीस मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढा. वजनं पाहिली तर एक १९५ किलो आणि दुसरी ११२. फरक ८३ किलोंचा, म्हणजे जवळजवळ एक अख्खा मामा. बुलेटचा रुबाब उंचीत नाहीच, वजनात आणि आवाजात आहे. तिच्यावर बसलेला उंच माणूस चांगला दिसतो, हे मान्य. फूटरेस्ट जरा पुढे असतात, त्यामुळे गुडघ्यांना थोडी मोकळीकही मिळते, हेही मान्य. पण शोभणं वेगळं आणि मावणं वेगळं. लग्नातला फेटा मला शोभतो, म्हणून मी तो बांधून भाजी आणायला जात नाही.

आकड्यांच्या नादी लागू नये, हेही त्याच महिन्यात कळलं. अ‍ॅव्हेंजरची सीट अवघी ७३७ मिलिमीटर. कागदावर पाहिलं तर माझ्यासाठी याहून वाईट गाडी नाही. प्रत्यक्षात बसलो तर पाय पुढे लांब पसरलेले, गुडघे सुखी, मी आरामखुर्चीत. दोन दिवस मित्राकडून मागून आणून चालवली. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तिचा दुसरा स्वभाव कळला. पाय पुढे असले की फूटरेस्टवर भार देऊन ढुंगण उचलता येत नाही. खड्डा थेट माकडहाडात, तिथून मणक्यामणक्यानं वर येऊन हेल्मेटमध्ये थांबतो. माझ्या पाठीत मणके इतरांइतकेच आहेत, पण लांबी जास्त असल्यामुळे त्याला पोचायला वेळ लागतो. वाटेत सगळीकडे थांबत येतो.

तेव्हा मी गाडी घेण्याचा विचार सोडून दिला. तो परत डोक्यात आला तो सासुरवाडीच्या रस्त्यावर.

सासुरवाडी परभणी जिल्ह्यात. काळी माती. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात हीच माती कणकेसारखी हाताला, पायाला, चाकाला धरून बसते. जुलै महिना होता. मेहुण्याची गाडी घेऊन मी शेताकडे निघालो. मुरमाचा रस्ता संपला आणि पन्नास पावलांवर पुढचं चाक फिरायचं थांबलं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती गच्च बसली होती. मागचं चाक ढकलतंय, पुढचं फिरत नाही, असा मी औताला जुंपल्यासारखा शेताला एक तास घालत सरकत होतो. मग आडवा झालो. बांधावर एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांनी मला पूर्ण पडू दिलं, उठू दिलं, आणि एक तुराटी मोडून हातात दिली.

"कोरा आता."

मी मडगार्डच्या आतली माती कोरत बसलो. दहा पावलं गेलो, परत कोरली. तिसऱ्या वेळेला म्हातारेबुवा म्हणाले, "पाव्हणं, पावसाळ्यात ते मडगार काढून माळ्यावर टाकत असतेत. तुमच्यासारख्याला माळ्यावर टाकायला काय अवघड हाय?"

रात्री जेवताना ही हकिकत मी फारशी रंगवली नाही, पण मेहुण्यानं रंगवली. लेक इंजिनिअरिंगला होती, तिनं ती शास्त्राच्या अंगानं ऐकली. म्हणाली, "बाबा, म्हणून तर मातीतल्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर असतं. चोचीसारखं. शोभेसाठी नसतं ते." आणि मग पुढे जे म्हणाली त्यानं माझी झोप गेली. "त्या गाड्याच उंच असतात, बाबा. त्या तुमच्यासाठीच केल्यात."

पुढचे चार महिने मी अभ्यासात काढले. ऑफ-रोड गाडी उंच का, तर दगडावरून जाताना पोट घासू नये म्हणून ती वर उचललेली असते. शिवाय खड्ड्यात गेल्यावर चाकाला वरखाली व्हायला जागा लागते. ही जागा जितकी जास्त, तितकं सगळं धूड वर जातं आणि सीट त्याच्याही वर. पुढचं चाक एकवीस इंची, कारण मोठं चाक धोंड्याला अडत नाही, त्याच्यावर चढतं. आपल्याकडे ही जात उशिरा आली. २०११ मध्ये हीरोची दीडशे सीसीची इम्पल्स आली आणि फार न टिकता गेली. २०१६ ला रॉयल एनफील्डची हिमालयन आली, ८०० मिलिमीटरची. म्हणजे क्लासिकपेक्षाही पाच मिलिमीटर खालीच. २०१९ ला एक्सपल्स आली, ८२३. २०२० ला चाकणमध्ये तयार होणारी केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर आली, ८५५. २०२३ च्या अखेरीस साडेचारशेची नवी हिमालयन आली, ८२५, आणि सीट वर सरकवली की ८४५. मी हे आकडे म्हणायला लागलो की घरातले उठून जायचे.

दरम्यान माझं माप घ्यायचं ठरलं. गाडीच्या हिशेबात उंचीला किंमत नाही, जांघेपासून टाचेपर्यंतच्या लांबीला आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घट्ट वर सरकवायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची. दिवाळी अंक चालत नाही, वाकतो. घरात सगळ्यात टणक पुस्तक मोल्सवर्थचा कोश, तो घेतला. मराठी भाषेची अशी सेवा त्या साहेबाच्या स्वप्नातही नसेल. खूण पस्तीस इंचांवर आली. म्हणजे ८८९ मिलिमीटर. आणि एक्सपल्सचा जो प्रो नावाचा अवतार आहे, पुढच्या शॉकअपला २५० मिलिमीटरची चाल आणि पोटाखाली २७० मिलिमीटर मोकळी जागा असलेला, त्याची सीट ८९१! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पायांहून उंच काहीतरी बनवलं होतं. दोन मिलिमीटरनं का होईना. मला भरून आलं.

शोरूममधला मुलगा पाच फूट चार इंचांचा असावा. त्यानं उंच गाडी स्टँडवरून काढताना एक पाय अधांतरी ठेवून जी कसरत केली, तिच्याबद्दल त्याला पगार कमीच मिळत असणार. मग मी टांग टाकली. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. त्याच्या चेहऱ्यावरची असूया बघून मला पन्नास वर्षांचं व्याज मिळाल्यासारखं झालं. बसल्यावर गाडी आणखी खाली जाते, ही गंमत तिथेच कळली. अशा गाड्यांच्या शॉकअपची साधारण तिसरा हिस्सा चाल माणसाच्या वजनानंच दबावी, असा हिशेब असतो. त्यामुळे माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या गाडीचा असतो. नव्वद किलोंचा गृहस्थ बसला की तो आकडा नम्र होतो.

मी कोणती घेतली ते सांगत नाही, उगाच जाहिरात होते. उंच घेतली एवढं पुरे.

पहिले पंधरा दिवस मी मुठा खोऱ्यातल्या कच्च्या वाटांवर राजासारखा फिरलो. उतारावर थांबायची वेळ आली की बेताच्या उंचीच्या सोबत्यांचे पाय खड्डा शोधायचे, माझा पाय खड्ड्याच्याही तळाशी पोचायचा. मग उभं राहून चालवायला शिकायचं ठरलं. मातीत गाडी बसून चालवत नाहीत. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे आणि खालच्या खाली गाडीला तिचं तिचं नाचू द्यायचं. इथे पुन्हा उंची आडवी आली. मी उभा राहिलो की हँडल माझ्या मांड्यांशी. हात पोचवायला मी कमरेतून जो वाकलो, तो थेट भात लावणीतल्या बायकांसारखा. एक आजी भाताच्या खाचरातून खरोखरच माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होत्या. त्यांना निदान संध्याकाळी घरी जाऊन ताठ होता येत होतं.

यावर उपाय म्हणजे हँडलखाली रायझर, तीस मिलिमीटरचे ठोकळे. ते बसवले. पाठ सरळ झाली. पण हँडल वर गेलं आणि क्लचची वायर तेवढीच राहिली, त्यामुळे हँडल पुरतं वळवलं की वायर ताणून क्लच आपोआप दाबला जायचा. नवी लांब वायर घातली. फूटरेस्ट खाली घेऊन पाहावेत म्हटलं, तर खाली घेतले की तेच दगडाला लागणार, आणि मग उंच गाडी घेऊन मिळवलं काय? एक गोष्ट सरळ करायला जावं तर दुसरी वाकडी होते, हे संसारात माहीत होतं, गाडीतही तेच.

खरा निकाल मात्र घराच्या फाटकात लागला. बायकोची उंची पाच फूट. रविवारी देवाला जायचं म्हणून साडी नेसून बाहेर आली, सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, हिला जिना कुठाय?"

मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, असा आपल्याकडे नियम आहे. साडी चाकात जाऊ नये म्हणून. चांगला नियम आहे. पण त्या सीटपर्यंत साडी नेसून पोचायचं कसं, याबद्दल नियम गप्प आहे. मी आतून पाट आणला. पाटावरून ती फूटरेस्टवर चढली, तिथून सीटवर. देवळापाशी उतरायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की पाट घरी राहिला. शेवटी देवळाच्या पायऱ्यांना लावून गाडी उभी केली आणि ती तिसऱ्या पायरीवर उतरली. येताना रिक्षा केली. तिनं. मी मागून गाडीवर.

मग एक दिवस लेकीनं गाडी मागितली. ती पाच फूट तीन इंच. मी म्हटलं, "अगं, पाय पोचणार नाहीत." ती म्हणाली, "दोन्ही कशाला पोचायला हवेत?" थांबताना ती सीटवरून एका अंगाला सरकली, एक पाय टेकला, दुसरा फूटरेस्टवरच. निघताना गाडी पुढे गेली की परत मध्ये. "रॅलीवाले असंच करतात बाबा. त्यांच्या गाड्या हिच्याहून उंच असतात. सी. एस. संतोषनं २०१५ ला डकार पुरी केली, आपल्यातला पहिला. तो काय दोन्ही पाय टेकत गेला असेल?" मी गप्प बसलो. पुढच्या महिन्यात ती ताम्हिणीच्या पलीकडे चिखलातून जाऊन आली, न पडता. उंच गाडी उंच माणसासाठी असते, हा माझा सिद्धांत तिनं पाच फूट तीन इंचांत मोडीत काढला.

गाडी आता तिच्याकडेच असते. मी मांडवातली जुनी शंभर सीसीची पुसून काढली, मागची पट्टी कापलेली. तिला घेऊन सीट कव्हरवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, माझ्या बसण्याच्या जागी फोम वाढवून द्या. त्यानं दोनदा विचारलं, "वाढवून? काका, माझ्याकडे सगळे गादी तासायला येतात. वाढवायला आलेले तुम्हीच पहिले." त्यानं जुनी गादी फाडली, वर टणक फोमचा थर चिकटवला, मागची बायकोची बाजू होती तशीच ठेवली आणि रेक्झिन ताणून शिवून दिलं. फूटरेस्ट तिथेच, हँडल तिथेच, मी मात्र दीड इंच वर. गुडघे आता लेग गार्डला लागत नाहीत.

साडेसहाशे रुपये घेतले.